ओळखीची खूण

बूट अजून बाल्कनीत आहेत, मानेवाडा रोडला,
तळव्यांत ज्वालामुखीचा चिखल, वाळून विटकरी झालेला.
खालच्या निमजे वहिनी विचारतात,
"काय पाह्यलं वो तिथं, एवढे पैसे घालून?"
मी म्हणते, समुद्र.
"तो तं गणपतीपुळ्यालेही आहे."
खरं आहे, बाप्पा.

बेट इतकं लहान
की बसमध्ये मधल्या सीटवर बसलं
तर दोन्हीकडच्या खिडक्यांत समुद्र.
आपल्या रिंग रोडनं त्याला सहज वेढा घातला असता.
मध्ये मात्र डोंगर.
मी रोज पहाटे सेमिनरी हिल्स चढणारी,
बँकेतून निवृत्त, साठीला दोन कमी,
वाटलं होतं, होईल.
अर्ध्यावर गुडघे बोलायला लागले.
वाटाड्या अल्फॉन्स नेच्याचं पान तोडून
मला वारा घालत म्हणाला,
डोंगर कुठे जात नाही, मॅडम. बसा.

वर पोचलो तर ढग.
ओलं, पांढरं, काहीच नाही,
आणि त्यात एका पक्ष्याची एकच हाक, पुन्हा न आलेली.
मी डब्यातून संत्रा बर्फी काढली.
एक तुकडा खाऊन त्यानं विचारलं,
हे फळ की मिठाई?
नागपूर, मी म्हटलं.

किनाऱ्याची वाळू काळी,
आपल्या कापसाच्या मातीइतकी काळी,
दुपारी मे महिन्यातल्या गच्चीसारखी पोळणारी.
एक किल्लाही होता. तोफा समुद्राकडे तोंड करून बसलेल्या,
कुणावर उडाल्या ते तिथेही कुणी नीट सांगेना.

मग साखरेचा जुना कारखाना.
काहिलींत आता पावसाचं पाणी, त्यात बेडूक.
शेजारच्या पत्र्याच्या खोलीत एक मुलगी,
तिनं मला पांढरे हातमोजे दिले
आणि जहाजाची वही उघडून दिली.
पान उलटत होते, कशासाठी असं नव्हे.

नाव: सुका.
बापाचं नाव: डोमा.
जात: कोष्टी.
जिल्हा: नागपूर, एक अक्षर चुकवून.
वय चोवीस. उंची पाच फूट दोन.
ओळखीची खूण: पोटावर आडवा घट्टा.
कारण अज्ञात.

बाबांच्या पोटावर होता तो.
न्हाणीच्या दगडावर बसले की दिसायचा,
बेंबीच्या वर, चार बोटं रुंद, चामड्यासारखा.
मी विचारलं तेव्हा म्हणाले होते, माग चावला.
पाय खड्ड्यात, पोट लाकडाला टेकलेलं,
दिवसाचे बारा तास,
लोकांच्या लग्नांचे काठ.

नातेवाईक? मुलीनं विचारलं.
नाही, म्हटलं.
मग म्हटलं, माहीत नाही.
मग पेन्सिल मागितली.
वहीत लिहिता येत नाही, ती म्हणाली, आणि बरोबरच होतं.
तिनं स्वतःची चिठ्ठी घेतली.
तुमच्याकडे काय म्हणतात त्याला?
माग.
माग, ती म्हणाली, जीभ जरा वर लावून.
मला सांगायचं होतं की आमच्यात
गेलेल्या माणसाचा काढतात तोही मागच,
पण बाहेर बस शिट्टी देत होती
आणि माझं इंग्रजी तिकिटापुरतं.
चिठ्ठी तिनं पानात ठेवली. राहिली असेल. पडलीही असेल.

परवा पाचपावलीला भावाकडे गेले.
पारा सेहेचाळीस.
म्हटलं, कूलर सरकव जरा.
"काऊन?"
सरकव तं.
त्याच्याखाली फरशी, फरशीखाली तो खड्डा,
बाबा गेले त्या वर्षी मुरूम टाकून बुजवलेला.
मी उकिडवी बसले, बोटांनी ठोकून पाहिलं.
भरीव वाजली. एका कोपऱ्यात मात्र नाही.
टाकीचं पाणी गळून तिथली माती बसली असेल, भाऊ म्हणाला.
असेल.
भाचा घामानं निथळत दारात उभा,
आत्या, झालं का?
झालं, म्हटलं.
लाव बाप्पा, लाव परत.